संख्येचे सत्य आणि वचनाचे सत्य

सत्याचे अनेक प्रकार तत्त्वज्ञांनी मानिले आहेत. परंतु त्यांपैकी दोन प्रकार एकमेकांच्या अगदी उलट टोकांस उभे असलेले दिसतात. पहिले संख्येचे सत्य. तीन आणि चार मिळून सात होतात, हे कोणी मान्य करो वा न करो, कोणास ठाऊक असो वा नसो, त्यात तिळमात्र अंतर पडत नाही. दुसरे वचनाचे सत्य. मी अमुक एक देईन असे म्हणालो, तर ते खरे करणे किंवा खोटे पाडणे हे सर्वस्वी माझ्या हाती असते; माझ्यावाचून त्या सत्याला अस्तित्वच नाही. आता असा प्रसंग कल्पावा की, एखाद्याने आपले वचन संख्येच्या भाषेत दिले, आणि ती संख्या केवढी आहे याची त्याला कल्पनाच नव्हती. अशा वेळी तो त्या वचनाने बांधला गेला काय? आणि ज्याला ती संख्या ठाऊक होती, पण जो मुकाट्याने ऐकत राहिला, त्याच्याकडे काही दोष येतो की नाही? ह्या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट संख्येच्या आधारे येथे करावयाचा आहे.

ती संख्या बुद्धिबळाच्या पटाशी निगडित असून तिची कथा बहुतेक वाचकांस लहानपणापासून परिचित असेल. बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या पंडितावर राजा प्रसन्न झाला व त्याने 'इच्छा असेल ते माग' असे म्हटले. पंडिताने पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे चौसष्टाव्या घरापर्यंत दुप्पट करीत जाऊन होईल तेवढे धान्य मागितले. मागणी क्षुल्लक म्हणून राजा हसला व त्याने वचन दिले. तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने ही कथा नमूद केली आहे, आणि आरंभी आपला ह्या हिशेबावर विश्वास बसला नव्हता, पुढे अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने तो उलगडून दाखविला तेव्हा पटला, असेही त्याने प्रांजळपणे सांगितले आहे.

मूळ कथेत बहुधा गहू असतो. परंतु भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलखात राहणाऱ्यास गव्हापेक्षा तांदळाचा हिशेब अधिक जवळचा वाटणे साहजिक आहे. आमच्याकडे धान्य पिढ्यान्‌पिढ्या पायलीने, कुडवाने व खंडीने मापले गेले. दाणा मोजण्याचा प्रसंग कोणावरच आला नाही. तो आता कल्पनेने आणू. एका तांदळाचे वजन वीस मिलिग्रॅम धरिले, तर पहिल्या सोळा घरांचा तांदूळ सव्वा किलोहून किंचित अधिक भरतो. चार माणसांच्या घरास तो दोन दिवसही पुरावयाचा नाही. पट अर्धा भरला, म्हणजे बत्तीस घरे झाली, तरी सारे मिळून ४,२९,४९,६७,२९५ दाणे, म्हणजे सुमारे ८६ टन तांदूळ होतो. तुमसरच्या बाजारातील एखादा मोठा व्यापारी एवढा माल सहज पुरवू शकेल. येथपर्यंत राजाचे हसणे योग्यच होते, असे म्हणावे लागते. पण उरलेल्या अर्ध्या पटाने सारेच चित्र पालटते. चौसष्ट घरांतील दाण्यांची एकूण संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी होते व तिचे वजन सुमारे ३६,९०० कोटी टन भरते. आज साऱ्या जगात वर्षाकाठी पन्नास कोटी टनांहून थोडा अधिक तांदूळ तयार होतो. तेव्हा वैनगंगेच्या काठापासून चीनपर्यंत पिकणारा सगळा तांदूळ, एक कणही न खाता, सुमारे सातशे वर्षे साठविला तर राजाचे वचन पुरे व्हावे.

कथेच्या एका आवृत्तीत राजाचा हिशेबनीस त्यास मोठी चतुर सल्ला देतो: 'महाराज, कोठार उघडे करा आणि याचकाला आपले दाणे स्वतःच मोजून घेण्यास सांगा.' सेकंदास एक दाणा या वेगाने रात्रंदिवस मोजत बसले, तर ह्या कामास ५८,००० कोटींहून अधिक वर्षे लागतील. विश्वाचे वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षे मानितात. म्हणजे त्याच्या चाळीस पटींहूनही अधिक काळ. ही संख्या कोणीही मोजलेली नाही व कोणी मोजणारही नाही.

आणि तरीही ती आपणांस पूर्णपणे ठाऊक आहे, हे मोठे नवल होय. आपल्या पूर्वजांनी मोठ्या संख्यांस नावे देण्याचा विलक्षण उत्साह दाखविला होता. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिलेली आहेत. पटावरील आपली संख्या परार्धाच्या १८४ पटींहून अधिक आहे. ज्या बौद्ध धर्माच्या प्राचीन स्तूपांचे अवशेष आमच्या जिल्ह्यात पवनी येथे निघाले, त्या धर्माच्या 'ललितविस्तर' नामक ग्रंथात तर बोधिसत्त्व आपली गणना 'तल्लक्षणा'पर्यंत, म्हणजे एकावर त्रेपन्न शून्ये देऊन होणाऱ्या संख्येपर्यंत, नेतो. परंतु नाव ठेवणे वेगळे आणि ओळख होणे वेगळे. गावातील प्रत्येकाचे नाव ठाऊक असले म्हणून प्रत्येकाचा स्वभाव ठाऊक असतो असे नाही. राजालाही 'चौसष्ट' आणि 'दुप्पट' हे दोन्ही शब्द चांगले माहीत होते.

संख्येचा स्वभाव जाणण्याची युक्ती वेगळी आहे, आणि तीही 'लीलावती'त आहे. गुणोत्तर श्रेढीसाठी तेथे सांगितलेल्या नियमाचा भावार्थ असा की, पदांची संख्या सम असेल तर ती अर्धी करून 'वर्ग' अशी खूण करावी, विषम असेल तर एक कमी करून 'गुण' अशी खूण करावी, आणि मग उलट क्रमाने ती ती क्रिया करीत यावे. चौसष्टांस हा नियम लावला असता चौसष्ट वेळा दुप्पट करण्याचे कामच पडत नाही. दोहोंचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळांचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि याचा पुन्हा वर्ग केला की त्यातून एक वजा करून आपली संख्या हाती येते. जी मोजण्यास विश्वाचे आयुष्य पुरत नाही, ती सहा गुणाकारांत सापडते.

इतकेच नव्हे, तर तिची अंगे-प्रत्यंगेही दिसू लागतात. कोणत्याही संख्येच्या वर्गातून एक वजा केला असता उरणारी बाकी ही त्या संख्येहून एकाने लहान व एकाने मोठ्या अशा दोन संख्यांचा गुणाकार असते. सोळांचा वर्ग २५६. त्यातून एक गेला की २५५, म्हणजेच १५ गुणिले १७. हाच न्याय आपल्या संख्येस लाविला, तर ती ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७ यांचा गुणाकार ठरते. यांपैकी पहिली संख्या आपल्या ओळखीची आहे: ती अर्ध्या पटावरील दाण्यांची संख्या. तिची पुन्हा अशीच फोड करीत गेल्यास ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ हे अवयव निघतात. तेव्हा पंडिताचे तीन, पाच किंवा सतरा वारस असते, तर त्या अदृष्ट राशीची समान वाटणी होऊन एकही दाणा उरला नसता; सात असते, तर नेमका एक दाणा उरला असता. जी रास कोणी पाहिली नाही, तिच्या वाटणीनंतर उरणाऱ्या एका दाण्याविषयी आपण शपथेवर सांगू शकतो.

आता राहिला दुसरा अवयव, ४,२९,४९,६७,२९७. त्याची हकीगत आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. फ्रान्समधील पिएर द फर्मा हा व्यवसायाने कायद्याचा माणूस व वृत्तीने गणिती. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ ह्या मालिकेतील प्रत्येक संख्या अविभाज्य आहे, म्हणजे तिला एक आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही, असे त्याने पाहिले. आणि ही मालिका पुढे कितीही वाढविली तरी तिच्यातील सर्व संख्या अविभाज्यच निघतील, असे त्याच्या मनाने घेतले. मालिकेतील पुढची संख्या म्हणजेच आपला हा दुसरा अवयव. फर्माचे नाव एवढे मोठे होते की, ह्या विधानाबद्दल शंका घेणे अनेकांस धाष्टर्याचे वाटले असते. पण १७३२ साली ऑयलर ह्या पंचवीस वर्षांच्या तरुण गणितज्ञाने दाखवून दिले की, त्या संख्येस ६४१ ने भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. पुढे त्याने त्याचे कारणही सांगितले: ह्या संख्येस अविभाज्य भाजक असलाच, तर तो ६४ च्या कोणत्या तरी पटीत एक मिळवून होणारा असला पाहिजे. अशा अविभाज्य संख्या क्रमाने घेतल्यास १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचवीलाच काम झाले. आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर पाच ठिकाणी दिसलेली व्याप्ती सहाव्या ठिकाणच्या एका व्यभिचाराने मोडली. आणि मालिकेतील त्यापुढच्या ज्या ज्या संख्यांचा आजवर निकाल लागला, त्यांपैकी एकही अविभाज्य ठरलेली नाही.

येथे तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न पुढे येतो. १६४० मध्ये, जेव्हा ६४१ हा भाजक कोणासही ठाऊक नव्हता, तेव्हा ती संख्या विभाज्य होती काय? संख्या ही मनुष्याच्या मनाची निर्मिती आहे, रचून दाखविल्यावाचून तिच्याविषयी कोणतेही विधान खरे म्हणू नये, असे मानणारे विचारवंत विसाव्या शतकात होऊन गेले, व त्यांचे म्हणणे सहज टाकून देण्याजोगे नाही. संख्या मोजणारा कोणी नसता तर संख्या ह्या शब्दास काय अर्थ राहिला असता, हे खरोखर सांगणे कठीण आहे. तथापि राजाच्या कोठाराकडे पाहिले की ह्या मताचा मोह कमी होतो. राजाच्या मनात ती संख्या लहान होती. दरबारातील प्रत्येकाच्या मनात ती लहान होती. परंतु कोठारातील धान्य त्यांच्या मनास विचारून संपत नव्हते. ज्याच्यावर माथा आपटतो ती भिंत आपण मनाने रचलेली नसते. म्हणून ६४१ हा ऑयलरने निर्माण केलेला नसून त्यास सापडलेला आहे, असेच मला वाटते.

मात्र यावरून फर्माला दोष देणे अन्यायाचे होईल. आपल्या पत्रांत त्याने हे विधान मांडले तेव्हा आपली खात्री आहे, पण पूर्ण सिद्धता आपल्यापाशी नाही, असेही त्याने लिहिले होते. एखादी गोष्ट सत्य असणे, आपणांस ती सत्य वाटणे, आणि ती सत्य म्हणून जाहीर करण्याचा आपल्याला अधिकार असणे, ह्या तीन गोष्टी भिन्न आहेत. गणिताचा सर्वांत मोठा नैतिक संस्कार कोणता असे विचारल्यास, ह्या तिहींतील अंतर जपणे हाच होय, असे मी म्हणेन.

हे अंतर ध्यानी धरून आता राजाच्या वचनाकडे वळू. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त ह्याच स्वरूपाचे एक उदाहरण घातले आहे. एका दात्याने याचकांस पहिल्या दिवशी दोन कवड्या व पुढे दररोज दुप्पट देण्याची प्रतिज्ञा केली. तर महिन्याभरात तो किती निष्क देईल? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क आणि वर थोडे. ह्या उत्तरात एक मिळविला की होणारी संख्या अविभाज्य आहे, हे पुढे ऑयलरनेच १७७२ साली दाखविले, हा योगायोगही मनोरंजक आहे. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, भास्कराचार्यांनी गणितास प्रतिज्ञेचे रूप दिले. खानदेशातील पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ चालविला, असे इ. स. १२०७ च्या सुमाराच्या तेथील शिलालेखावरून कळते. त्या मठात हे उदाहरण सोडविणाऱ्या विद्यार्थ्यास गणिताबरोबर आणखीही काही शिकावयास मिळाले असेल: प्रतिज्ञा करण्यापूर्वी हिशेब करावा.

अज्ञानात दिलेले वचन बंधनकारक आहे काय, याविषयी दोन पक्ष संभवतात. एक पक्ष म्हणेल, शब्द तो शब्द. तो देताना विचार करणे हे देणाऱ्याचे काम. दुसरा म्हणेल, मनुष्य जे समजून बोलतो त्यानेच तो बांधला जातो. राजाने मूठभर दाणे देऊ केले होते, सातशे वर्षांचे पीक नव्हे. आपल्या परंपरेत ह्या वादावर सर्वांत प्रकाश टाकणारी कथा बळीराजाची आहे. वामनाने तीन पावले भूमी मागितली. बुद्धिबळाच्या पंडिताप्रमाणे त्याचीही मागणी दिसण्यास लहान होती. परंतु दोन कथांत एक मोठा भेद आहे. बळीच्या दरबारात शुक्राचार्य होते. ह्या तीन पावलांचे माप केवढे आहे, हे त्यांनी आपल्या यजमानास स्पष्ट सांगितले, आणि ते ऐकूनही बळीने उदक सोडले. म्हणून बळीचे दान हे खरे दान, व त्याचे वचन हे खरे वचन. बुद्धिबळाच्या राजाने जे दिले त्यास मी वचन म्हणावयास कचरतो. तो फक्त एक उच्चार होता. वचनास थोरपणा येतो तो त्याचे मोल ठाऊक असल्यामुळे.

आपल्या भाषेने मात्र शुक्राचार्यांस न्याय दिलेला नाही. लोककथेप्रमाणे ते झारीच्या तोटीत शिरून बसले व त्यापायी त्यांचा एक डोळा गेला. आणि 'झारीतील शुक्राचार्य' हे शब्द आपण चांगल्या कामात आडवे येणाऱ्यास लावतो. त्यांचे झारीत शिरणे कोणी निंद्य म्हणो; पण त्याआधी त्यांनी यजमानास खरा हिशेब सांगितला, हे आपण विसरून जातो. तो हिशेब सांगितला गेला नसता, तर बळीच्या औदार्यास काय किंमत राहिली असती?

हा प्रश्न केवळ पुराणातला नाही. ह्या भागात आणि इतरत्रही पेरणीच्या वेळी धान्य उसने घेऊन सुगीवर सवाईने किंवा दिढीने फेडण्याची चाल पूर्वी प्रचलित होती. एक खंडीची दीड खंडी ही मागणी कानास पटावरच्या दुसऱ्या घरासारखीच लहान वाटते. पण पीक बुडाले, फेड राहिली, आणि व्याज मुद्दलात मिळत गेले, तर दहा वर्षांत एका खंडीची साडेसत्तावन्न खंडी होते. कागदावर अंगठा उठविणारा शेतकरी आपल्या नातवापर्यंत पोहोचणाऱ्या संख्येस मान्यता देत होता. ती संख्या मात्र अंगठा उठण्याच्या क्षणीच पूर्ण ठरलेली होती. जुन्या धर्मशास्त्रकारांस ही गोष्ट उमगली होती असे दिसते. मनुस्मृतीतील इतर विधानांविषयी कोणाचे काहीही मत असो, तिच्या आठव्या अध्यायात पैशाच्या कर्जाची वाढ दुपटीपलीकडे व धान्याची पाचपटीपलीकडे जाऊ नये, असे बंधन घातले आहे. दिढीच्या दराने ही पाचपट चौथ्याच वर्षी ओलांडली जाते. पैशाच्या बाबतीतला हाच नियम दामदुप्पट ह्या नावाने मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी इंग्रजी अमदानीतही मानिला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. तेथे १९३३ साली कर्जाच्या तडजोडीसाठी मंडळे नेमण्याचा कायदा करावा लागला. ह्या साऱ्या नियमांचा अर्थ एकच: पटाची चौसष्ट घरे कोणासही भरू द्यावयाची नाहीत, संख्येस दया नसते, म्हणून ती मनुष्याने आणावयाची.

तरीही कायद्याने सर्व काही साधत नाही. कायदा हा संख्या वाढल्यानंतर येतो. सांगणारा मनुष्य ती वाढण्यापूर्वी येऊ शकतो. दोघांच्या व्यवहारात एकास बेरीज ठाऊक असेल व दुसऱ्यास नसेल, तर ठाऊक असणाराने ती आधी उच्चारली पाहिजे. आणि व्यवहारात नसलेला, पण जाणता असा तिसरा कोणी जवळ असेल, तर हे कर्तव्य त्याच्याकडेही येते. 'मला कोणी विचारले नाही' ही सबब येथे चालत नाही, कारण ज्यास संख्येचा अंदाज नाही त्यास प्रश्न विचारण्याचेही सुचत नाही. गणित शिकलेल्या माणसावर समाजाचे हे ऋण आहे. बुद्धिबळाच्या पंडिताचे चातुर्य आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांस कौतुकाने सांगत आलो. त्याने राजाच्या अज्ञानाचा लाभ घेतला, हेही त्यांस सांगितले पाहिजे.

आज परिस्थिती एका दृष्टीने पालटली आहे. ज्या संगणकांवर आपले बहुतेक व्यवहार चालतात, त्यांतील बहुसंख्य यंत्रे चौसष्ट द्विमान अंकांची पदे एका वेळी हाताळतात. अशा एका पदात मावणारी सर्वांत मोठी पूर्णसंख्या म्हणजे नेमकी पटावरील दाण्यांची संख्या होय. ऑक्टोबर २०२४ मध्ये जी एक अविभाज्य संख्या जाहीर झाली, ती लिहिण्यास ४,१०,२४,३२० अंक लागतात. तेव्हा हिशेब करणे आता कठीण राहिलेले नाही. खेड्यातील मुलाच्या हातातील यंत्रही दिढीची दहा वर्षे क्षणात मोजून देईल. परंतु यंत्र विचारल्याखेरीज बोलत नाही, आणि काय विचारावे हे त्यास कळत नाही. हप्ता केवढा हे मोठ्या अक्षरांत वाचून सही करणाऱ्यास, सर्व हप्ते मिळून काय होतात हे शेजारी बसलेल्या एखाद्या जाणत्यानेच सांगावयाचे असते. संख्येचे सत्य आपली वाट पाहत नाही. पण ते दुसऱ्यास वेळेवर कळेल की नाही, हे पुष्कळदा आपल्याच हाती असते.